उद्धाराआधी बांधलेली पोथी

एकदा एका वृद्ध पुराणिकबुवांनी भलत्याच जागी पोथी बांधून ठेवली आणि अख्खा सभामंडप अवाक् झाला. कथेत नवऱ्याच्या शापाने ऋषिपत्नीची नुकतीच शिळा झाली होती. उद्धाराच्या ओव्या पुढच्याच पानावर होत्या. दुःखाच्या प्रसंगावर पोथी थांबवायची नाही, हा रिवाज बुवांनी चाळीस वर्षं पाळला होता.

"बुवा, वाचा की पुढचं," पहिल्या रांगेतली सगुणा म्हणाली. संशयावरून नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तो न्यायला येईल या आशेवर ती माहेरी बसून होती. "तिला उठवायला येतात ना?"

"आज कोणी येत नाही," बुवा म्हणाले.

सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि चालू लागली.

बुवांची शिष्या थक्क होऊन बघत राहिली. हीच कथा तिने नव्याने कादंबरीत लिहिली होती. तिथेही कोणी येत नाही, शिळा शिळाच राहते. ऐकणाऱ्याला निराशेत सोडू नये, असं सांगून बुवांनी ते हस्तलिखित परत केलं होतं. आणि आज तीच त्यांच्यावर धावून गेली. "शेवट वाचा, गुरुजी. सगुणा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल."

"हा तुझाच शेवट आहे."

"मी कागदावर लिहिला होता. कुणाच्या तोंडावर फेकला नव्हता."

बुवा मान खाली घालून म्हणाले, "काल तिने मला विचारलं, यंदा तरी हे न्यायला येतील ना? तेव्हा मी हादरलो. दरवर्षी मी उद्धार वाचतो आणि ती आणखी एक वर्ष थांबते. मी आशेचा शेवट सांगत राहिलो, तू निराशेचा लिहिलास. त्या शिळेला काय हवंय, हे आपण दोघांनीही विचारलं नाही."

"मग अकरा वर्षांत एकदा तरी तिच्या सासरी जाऊन जाब का नाही विचारलात?"

शिष्या धावत बाहेर गेली. सगुणा पायऱ्यांशी चपला घालत होती.

"कुठे निघालीस, ताई?"

"सासरी."

शिष्येला धक्काच बसला. "पुन्हा त्याच्याकडे?"

"त्याच्याकडे कशाला? माझं शिलाई मशीन राहिलंय तिथे. आईने दिलेलं. ते घेऊन येते."

"एकटी?"

"तू चल की. जड आहे ते."

शिष्या आपल्या चपला शोधू लागली.