पुस्तकात न मावलेलं कासव

समुद्राला लागून वसलेल्या एका लहानशा गावात एक चितारीण राहत होती. तिचं नाव आवडा. होड्या रंगवणं हा तिचा धंदा. नवी होडी पाण्यात उतरायच्या आधी मालक तिला बोलावून नेत आणि ती होडीच्या दोन्ही अंगांना लाटा, मासे आणि दोन मोठे डोळे रंगवून देई. ते डोळे असे जिवंत असत, की होडी आपल्याकडेच बघतेय असं पोरांना वाटे.

आवडाचा हात मोकळा होता, जीभ मात्र एका ठिकाणी अडे. 'क'ने सुरू होणारा शब्द तिच्या तोंडून निघेचना. 'क… क… क…' होऊन तो मधेच अडकून बसे, तिचा चेहरा लाल होई, मान ताणली जाई. लहानपणी बरोबरीच्या मुली तिची नक्कल करत. पुढे त्या मुली आपापल्या संसाराला लागल्या आणि ती नक्कल विसरूनही गेल्या. आवडा विसरली नाही. 'क'चा शब्द येतोय असं दिसलं, की ती आधीच वाट बदलू लागली. काल म्हणायचं असेल तर 'आदल्या दिवशी' म्हणे. कांदे हवे असतील तर बोटानं दाखवे. काय झालं, कुठे गेला होतात, कधी आलात, असं तर ती कुणाला विचारतच नसे. त्यामुळे गावाला वाटे, आवडा अबोल आहे, तिला कुणाची चौकशी नको असते. खरी गोष्ट तिच्या आत्यालाच ठाऊक होती. दोघी एकाच घरात राहत.

एकदा गावच्या बालवाडीच्या बाई आवडाच्या अंगणात आल्या.

"आवडाताई, आमच्या मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करून द्याल का? आहेत ती सगळी पुस्तकं वाघ-सिंहांची. आपली मुलं समुद्राकाठची, त्यांना समुद्रातले प्राणी द्या." मग त्या जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "आणखी एक आहे. मुलं हल्ली एकमेकांना फार चिडवतात. एकीचे दात पुढे आहेत, ती तोंडावर हात धरूनच बोलते. एकाचे पाय फेंगडे आहेत, तो खेळायला उठतच नाही. मी आहे तसा बरा आहे, असं त्यांना वाटावं अशी गोष्ट हवी."

ऐकतानाच आवडाच्या डोळ्यांपुढे रंग उभे राहिले. "देईन," ती म्हणाली.

"आणि वाचून तुम्हीच दाखवायचं हं," बाई जाता जाता म्हणाल्या. "ज्यानं लिहिलं त्यानं सांगितलं की मुलं कान देतात. गावालाही बोलावू त्या दिवशी."

होकार तर देऊन झाला होता. तो परत घेणं आवडाला जमलं नाही.

ती कामाला बसली. तिच्या गोष्टीत एक लाट होती. ही लाट समुद्रभर हिंडायची आणि प्रत्येक प्राण्याचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायची. बोंबील म्हणायचा, मी फार मऊ आहे. तारामासा म्हणायचा, मला तर डोकंच नाही. देवमाशाला आपल्या जाडीची लाज वाटायची. चित्रं सुरेख उतरत होती. पण लिहिताना आवडाची जुनी सवय तिच्या शेजारी येऊन बसली. गाव ज्याला कुर्ली म्हणे, त्याला तिनं खेकडा केलं. कोळंबीचा झिंगा झाला, कालवाचा शिंपला झाला. कासवाशी मात्र ती अडली. त्याला दुसरं नाव सापडेना. पोथीतलं कूर्म आठवलं, तर तेही 'क'वरच. शेवटी तिनं कासव सोडून दिलं.

पुस्तक शिवून झालं तेव्हा आत्यानं ते मांडीवर घेतलं आणि सावकाश एकेक पान उलटलं.

"ह्यात कासव दिसत नाही," ती म्हणाली. त्या गावच्या वाळूत दर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येत. पाण्याकडे सरपटणारी पिल्लं बघितली नाहीत, असं एक मूल गावात नव्हतं.

"मावलं नाही," आवडा म्हणाली.

"देवमासा मावला, आणि कासव मावलं नाही?"

आवडा ब्रश धुवत राहिली.

आत्यानं पुन्हा पानं चाळली. "आणि ही तुझी लाट एवढी हिंडते, पण कुणाला काही विचारत नाही. का गं रडतेस, काय झालं, असं विचारल्याशिवाय कुणी मनातलं सांगतं होय?"

"मुलांना समजेल."

"मलाही समजलं," आत्या म्हणाली. मग तिनं पुस्तक मिटून आवडाच्या जवळ ठेवलं. "वाचायचं नसेल तर बाईंना सांग, त्या वाचतील. त्यात काही लाज नाही. पण वाचताना अडू नये म्हणून तू समुद्रातून कासवच काढून टाकलंस, हे मला बरं वाटलं नाही."

"तुला बोलायला सोपं आहे, आत्या."

"ते खरं," आत्या म्हणाली आणि वाळत घातलेले बोंबील उलटायला बाहेर गेली.

आवडाला राग आला होता. रागातच तिनं पुस्तक उघडलं. खेकड्याचं पान समोर आलं. 'तिरका तर तिरका,' लाट खेकड्याला सांगत होती, 'तू रोज घरी पोहोचतोस.' हे वाक्य तिनं फेंगड्या पायांच्या त्या पोरासाठी लिहिलं होतं आणि लिहिताना ते तिला फार आवडलं होतं. आता वाचताना तिलाच ते पटेना. दात पुढे असलेली ती पोर निदान स्वतःच्याच तोंडावर हात धरत होती. आवडानं आख्ख्या पुस्तकाच्या तोंडावर हात धरला होता.

तिनं पुस्तकाची शिवण उसवली, नवा कागद घेतला आणि कासव काढलं. वाळूतून वर चढणारं, डोळ्यांत पाणी आलेलं, पाठीवर ओल्या वाळूचे ठिपके असलेलं. खाली लिहिलं, 'कासवदादा, कासवदादा, कशाला रडतोस?' मग बाकीच्या पानांवरही लाटेला बोलतं केलं. काय झालं, का रुसलास, कोण काय म्हणालं, असं ती सगळ्यांना विचारू लागली. नव्या पानांवर किती 'क' झालेत हे आवडानं मोजायला घेतलं, तर बोटं पुरेनात. वाचनाच्या आदल्या संध्याकाळी ती, तुम्हीच वाचा असं सांगायला, बाईंच्या दारापर्यंत गेली. दाराशी उभी राहिली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या अंगणात जुन्या शिडाचं कापड बांधून सावली केली होती. पुढे मुलं, मागे त्यांच्या आया आणि आवडाची आत्या, आणि कडेला खुर्चीवर म्हातारे तांडेलकाका. सगळ्या होड्यांचे ते म्होरके, गावात त्यांच्या शब्दाला मान.

आवडानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानांवर ती 'क'पाशी जरा जरा अडली, पण घाईघाईनं निसटली, आणि चित्रं बघण्यात रमलेल्या मुलांच्या ते ध्यानातही आलं नाही. मग कासवाचं पान आलं.

"लाट म्हणाली, क…"

शब्द अडला. "क… क…" तिची मान ताणली. मागे कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं आणि गप्प झालं. आवडाला वाटलं, पुस्तक टाकावं आणि सरळ घरी जावं. "क… कासवदादा," शेवटी शब्द निघाला. "क… क… कासवदादा, क… कशाला रडतोस?"

पुढे बसलेली दोन-तीन मुलं खुदकन हसली. एकानं दोन्ही हात वल्ह्यासारखे हलवत म्हटलं, "क-क-कासवदादा." मग सगळीच मुलं हात हलवत तसं म्हणू लागली.

"वा, आवडा," तांडेलकाका खुर्चीवरून म्हणाले. "कासवाची चाल बोलण्यात आणलीस तू. असंच चढतं ते, थांबत थांबत." आयांनी टाळ्या वाजवल्या. बाईही कौतुकानं हसल्या.

आवडाला आयती वाट मिळाली होती. नुसती मान डोलावायची होती, गावाला जन्मभर काही कळलं नसतं. ती हसू लागलीही. तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या एका मुलीकडे गेलं. सगळ्या पोरांसारखी तीही खळखळून हसत होती, पण तोंडावर हात घट्ट धरून.

आवडानं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"नाही, तांडेलकाका," ती म्हणाली. "ती चाल नव्हती. क… क… कासवाचं नाव अगदी सरळ आहे. मीच अडखळते. लहानपणापासून. म्हणून मी हे पान आधी घेतलंच नव्हतं. मला लोक हसतील असं वाटलं."

तांडेलकाका दाढी खाजवू लागले.

"अडखळलं की दुखतं?" त्या मुलीनं हाताआडून विचारलं.

"दुखत नाही. लाज वाटते."

"आत्ता पण?"

आवडानं जरा विचार केला. "आत्ता थोडी क… कमी वाटतेय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मग अडखळा," मुलगी म्हणाली. "आम्ही थांबतो."

"मला पण ल येत नाही," मधूनच एक बुटका मुलगा उठून म्हणाला. "ल येतो, पण ल येत नाही."

"तो र म्हणतोय," बाईंनी सगळ्यांना समजावलं, तेव्हा तो मुलगाच सगळ्यांत आधी हसला.

आवडानं पुस्तक उचललं आणि पुढे वाचलं. त्या दिवशी ती जितकी अडखळली, तितकी आयुष्यात कधी अडखळली नव्हती. मुलं थांबत होती. कुणी शब्द पुरवला नाही. एक मूल थांबता थांबता अंगठा चोखत झोपी गेलं. शेवटचं पान मिटलं तेव्हा आवडाच्या ध्यानात आलं, की मगाशी ताणलेली आपली मान केव्हाच सैल पडली आहे.

घरी परतताना आवडा आणि आत्या ओल्या वाळूवरून चालत होत्या. मधेच आवडा एकदम म्हणाली, "आत्या, मला वाटलं होतं, आज आभाळ क… कोसळेल."

आत्यानं मान वर करून बघितलं. "आहे अजून जागेवर."

दोघी हसायला लागल्या, त्या थांबेचनात. हसता हसता आवडाला कडकडून भूक लागली. आठवलं तर सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. त्या दुपारी ती आत्याच्या पुढ्यात बसून पोटभर भात-कालवण जेवली आणि जेवल्याजागीच तिचा डोळा लागला.

दात पुढे असलेल्या मुलीचा हात काही लगेच तोंडावरून निघाला नाही. पण कासवाचं पान मोठ्यानं वाचायची पाळी आली, की तो निघतो, कारण त्या पानाला दोन्ही हात हलवावे लागतात. ते पान सगळी मुलं अडखळतच वाचतात. कुणी सरळ वाचलं, तर त्यांना ते चुकल्यासारखं वाटतं. आवडा समोर असली तर तीही हसते.

तात्पर्य काय, तर आपलं उणं लपवताना जीव जितका शिणतो, तितका ते घेऊन चारचौघांत वावरताना शिणत नाही. आणि 'तू आहेस तसा बरा आहेस' हे दुसऱ्याला सांगायचं असेल, तर आधी आपण आहोत तसं त्याच्यासमोर बसावं लागतं.