पाच गाठींचे मडके

बेडूक माणसांशी चार शब्द बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. ते बोलायचे कसे आणि पुढे गप्प का झाले, हे मला विचारू नका. गोष्ट ऐका.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारी वैदीण राहत असे. सगळे तिला अक्का म्हणत. शेजारच्या घरात तिचा धाकटा भाऊ राहायचा. तो कुंभारकाम करी. अक्काचे औषध आणि भावाची मडकी, असा दोघांचा चरितार्थ चालला होता.

अक्काकडे रानतापावर एका कंदाचा रस होता. मोठा जहाल. नुसता जिभेला लागला तरी माणूस आडवा. म्हणून ती एक चमचा रसात नऊ चमचे पाणी घाली, ढवळ ढवळ ढवळी आणि मडक्याच्या गळ्यातल्या दोरीला एक गाठ मारी. मग त्यातला एकच चमचा दुसऱ्या मडक्यात, पुन्हा नऊ चमचे पाणी. त्याला दोन गाठी. अशा पाच गाठी झाल्या, की औषध पोटात घेण्याजोगे होई. त्याआधी परसातल्या पाण्याच्या दगडी डोणीतल्या बेडकाने ते हुंगून पारखायचे, हा घरचा नियम.

कुंभार हे पाहून हसायचा. "अक्का, एका औषधाला पाच मडकी कशाला? एकच मोठं घडवून देतो की."

"तू मडकी घडव," अक्का म्हणायची. "गाठींचं माझं मी बघते."

एके दिवशी रानतापाने अक्कालाच धरले. आणि नेमके पाच गाठींचे मडके तिने आदल्याच दिवशी गावात वाटून रिकामे केले होते आणि बाकीची चार धुऊन ठेवली होती. तिची जीभ जड झाली. तिने भावाला पाच बोटे दाखवली, मग परसातल्या भिंतीवरचे ऊन दाखवले. ऊन उतरायच्या आत औषध पोटात गेले नाही, तर ताप माणसाला सोडत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

भिंतीवर पाच हात ऊन उरले होते. एक मडके नीट ढवळायला एक हात ऊन लागायचे.

कुंभाराचा जीव टांगणीला लागला. बहिणीचे कण्हणे त्याला ऐकवेना. 'एका गाठीला दहा,' तो मनात म्हणाला, 'मग पाच गाठींना दहा पंचे पन्नास. सरळ हिशेब आहे.' त्याने एक चमचा रसात पन्नास चमचे भरतील एवढे पाणी एकदमच ओतले, ढवळले, दोरीला पाच गाठी मारल्या आणि मडके डोणीपाशी नेले.

बेडकाने हुंगले आणि तो टुणकन भिंतीवर जाऊन बसला.

"बहिणीला मारायला निघालास का रे?"

"पाच गाठींचं आहे. मोज."

"गाठी मोजल्या. पाणी कुठाय? अक्काच्या पहिल्या मडक्यात दहा चमच्यांत रस किती?"

"एक चमचा."

"समज, त्यातला एक चमचा दुसऱ्यात घातलास. आता रस किती गेला?"

कुंभार घुटमळला. "चमच्याचा दहावा भाग."

"तोही दहा चमच्यांत मिसळला. म्हणजे?"

"शंभरात एक," कुंभार हळूच म्हणाला. मग तो बोटांवर पुढे मोजत गेला. तिसरी गाठ हजारात एक. चौथी दहा हजारांत. पाचवी लाखात. त्याच्या हातातले मडके दोन हजारपट जहाल होते.

"मग लाख चमचे पाणी ओततो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"ओत. आधी तळं उचलून आण," बेडूक म्हणाला.

एक हात ऊन ढवळण्यात गेले होते, एक वाद घालण्यात. भिंतीवर उरले तीन हात, आणि गाठी तर पाच मारायच्या. कुंभार मटकन खाली बसला. आपल्या घाईनेच बहीण जाणार, असे त्याला वाटले आणि त्याचे डोळे भरून आले.

डोळे पुसताना त्याची नजर फळीवर गेली. तिथे गुरांच्या खरजेवर बाहेरून चोळायचे, याच रसाचे एक मडके होते. त्याच्या दोरीला दोन गाठी होत्या.

कुंभार स्वतःच विचार करत राहिला. शंभरात एक इथे तयार आहे. तो आणखी हजारपट पातळ करायचा. म्हणजे अजून तीन गाठी. दोन आणि तीन, पाच.

तो उठला. एक चमचा, नऊ चमचे पाणी. एक चमचा, नऊ चमचे पाणी. हात दुखले, पण त्याने एकही फेरी चुकवली नाही. तिसरे मडके ढवळून झाले तेव्हा भिंतीवर बोटभर ऊन होते. बेडकाने हुंगले आणि तो मुकाट्याने डोणीत जाऊन बसला. कुंभाराने अक्काचे डोके मांडीवर घेऊन तिला औषध पाजले.

सकाळी अक्का उठून बसली. तिने सगळे ऐकून घेतले.

"चुकलो, अक्का," भाऊ म्हणाला.

"चुकलास खरा. पण पुन्हा बसून मोजलंस, म्हणून मी आहे," ती म्हणाली आणि गाठी मारायची दोरी तिने त्याच्या हातात दिली.

त्या दिवसापासून कुंभाराने एकच मोठे मडके घडवायचे नाव काढले नाही.

तात्पर्य: खूण लहान असली तरी तिच्यामागची प्रत्येक पायरी समजून घ्यावी, म्हणजे लाखाचे कामही मोजक्या चमच्यांत होते.