राणी हेमांगी आणि दगडाची लेकरं

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने काळडोहाच्या मांत्रिकाची शापित रत्नांची पेटी लुटून आणली, आणि त्याच दिवशी राज्यातली सारी लेकरं दगडाची झाली. राणी हेमांगीची सहा वर्षांची मंजुळा झोपाळ्यावर बसल्या जागी शिळा झाली.

राणी तणतणत देवघरात शिरली. "बारा वर्षं तुझी पूजा चुकवली नाही. चोरी राजाची आणि शिक्षा माझ्या लेकीला? हा कुठला न्याय? आत्ताच्या आत्ता तिला उठव!"

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली, ती बोलली.

"राणी, तीन कामं कर. पेटी डोक्यावर घेऊन अनवाणी परत नेऊन दे. वाटेत भीक मागून खा, आपण कोण ते सांगू नकोस. मांत्रिकाच्या गुहेपाशी देवाला हाक मार, पण हुकूम सोडू नकोस."

राणी राजासमोर गेली. "महाराज, लूट तुमची. पेटी तुम्ही उचला."

राजाने मान फिरवली. मग राणीनेच पेटी डोक्यावर घेतली.

सात डोंगर ती चालली. पाय फाटले, मान भरून आली. प्रत्येक पावलाला ती देवाशी भांडत होती. चौथ्या डोंगरापलीकडे भुकेने कासावीस होऊन ती एका कोष्ट्याच्या दारात उभी राहिली. कोष्टीण ओल्या फडक्याने आपल्या दगडी लेकीचं तोंड पुसत होती. तिने अर्धी भाकरी मोडून राणीच्या हातावर ठेवली.

"तुम्ही देवाला काय मागता?" राणीने विचारलं.

"सगळ्यांचीच पोरं उठू देत म्हणते, बाई. राणीचीसुद्धा. तिलाही आईचा जीव आहेच ना?"

राणीला जाणवलं, आपल्या तोंडून एकदाही दुसऱ्या कुणाच्या लेकराचं नाव निघालं नव्हतं.

गुहेपाशी मांत्रिकाने पेटी घेतली. "इतके कष्ट केलेस, म्हणून एक मूल देतो. नाव सांग."

मंजुळेचं नाव राणीच्या जिभेवर आलं. ते तिने गिळलं.

"एकच? बाकीच्यांनी काय गुन्हा केला? भीक नको मला तुझी!"

आणि तिथेच खडकावर तिने कपाळ टेकलं. "देवा, मी तुला चाकरासारखं राबवू पाहिलं. चुकले. मला तुझा न्याय कळत नाही, रागही गेलेला नाही. पण तुझ्यावाचून जाऊ कुठे? त्या कोष्टिणीचं गाऱ्हाणं ऐक. तिच्या मागे मी उभी आहे."

तीन दिवस ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी मांत्रिकाच्या हातातली रत्नं राख झाली, त्याची विद्या सरली, आणि राज्यभर लेकरं भूक लागली म्हणून रडू लागली.

राणी परतली. लेकीला कडेवर घेऊन ती भर दरबारात उभी राहिली.

"महाराज, सिंहासनावरून उतरा. घरोघर जाऊन आयांची क्षमा मागा. त्यांनी म्हटलं, तरच पुन्हा बसा."

राजाने मंजुळेकडे पाहिलं, आणि तो पायऱ्या उतरला. पहिल्या घरची आई दारात हात कमरेवर ठेवून त्याची वाट पाहत उभी होती.