तंटा मिटेपर्यंत तेल बंद

झुमैरच्या वाळवंटात दोन टोळ्या एका माळासाठी पिढ्यानपिढ्या भांडत होत्या. त्याच माळाखाली तेल लागलं आणि परदेशी साहेब आले. तेल उपसायचं, दोन्हीकडं बंदुका विकायच्या आणि वर म्हणायचं, "काय भांडखोर माणसं ही! यांचं मिटेपर्यंत आमची फौज इथं हवीच."

शेवटी दोन्ही टोळ्या कंटाळून म्हाताऱ्या सफियाकडं निवाड्याला गेल्या. साहेबही ऐटीत येऊन बसले. म्हणाले, "तुमच्याच रिवाजानं होऊ दे. आम्हाला मान्य आहे."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" सफिया म्हणाली. "मग रिवाज असा, की तंटा मिटेपर्यंत वादाच्या जमिनीतून कुणीच काही काढायचं नाही. आजपासून तेल बंद."

दोन्ही टोळ्यांचे मजूर पंप थांबवून सरळ घरी निघाले. साहेबांचा चेहरा उतरला.

"पण किती दिवस?"

"ते मी काय सांगू? आमची भांडणं कधीच मिटायची नाहीत, असं तुम्हीच तर जगभर सांगत फिरता!"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात साहेब स्वतः दोरीचं टोक धरून दोन्ही टोळ्यांमधली माळाची हद्द आखत होते. सफियानं त्यांना कॉफी पाठवली आणि सोबत निरोप: "सावकाश प्या. फौजेचे तंबू आम्ही गुंडाळून ठेवतो."