बांधाची बूज

त्या राज्याच्या एका अंगाला समुद्र होता, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याची डबकी होती, आणि दोहोंच्या मधे मातीचा एक बांध होता. बांध कोणी घातला हे कोणालाच आठवत नव्हते. त्याच्या आडोशाला बेडूक, गोगलगाई आणि पाणकोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या.

राज्यकारभार करकोच्यांकडे होता. यात जुलूम-जबरदस्ती काही नव्हती. सभा तळ्याच्या मध्यभागी, पाण्यात उभ्याने भरायची असा रिवाज होता, आणि तिथे उभे राहायचे तर पाय लांब हवेत. बेडकांनी एकदा आपल्यातला एक सभेवर पाठवून पाहिला होता. तो सबंध अधिवेशनभर नुसता पोहत राहिला आणि दमून परत आला. तेव्हापासून बेडूकही करकोच्यांनाच निवडून देत, आणि ज्याचे पाय सर्वांत लांब त्याचा जयजयकार सर्वांत मोठ्याने करीत. फिर्यादीला बसायला कमळाचे एक पान सोडलेले असे. ते वाऱ्याने हळूहळू काठाकडे सरके, म्हणून फिर्याद थोडक्यात सांगावी लागे.

कोंडाई नावाच्या बेडकीचे डबके बांधाला अगदी लागून होते. मागल्या दोन्ही वर्षी उधाणाचे खारे पाणी झिरपून तिची अंडी नासली होती. यंदा मात्र पिल्ले जगली. पावसाळा सरत आला तेव्हा डबक्यात बेडूकमासे वळवळत होते आणि त्यांना मागचे पाय फुटू लागले होते. शेपूट झडून ते एकदा उड्या मारू लागले की पुढचे त्यांचे ते बघून घेतील, पण तोवर त्यांना डबक्याबाहेर थारा नव्हता. आणि एका सकाळी कोंडाईच्या अंगाला चुणचुण लागली. शोधत गेली, तर खेकड्याने सोडून दिलेल्या एका बिळातून खारे पाणी थेंबथेंब येत होते. बीळ जेमतेम बोराएवढे होते. अमावास्येच्या उधाणाला पंधरा दिवस उरले होते.

डबक्यातला गाळ तिथे टिकणारा नव्हता. चिकणमाती हवी होती, आणि सबंध राज्यात चिकणमाती एकाच ठिकाणी होती. तळ्यातल्या ज्या उंचवट्यावर करकोचे सभा संपल्यावर पाय सुकवत, त्या उंचवट्याला. चार चोची माती आणून ठोकली असती तर काम भागले असते. कोंडाईने डबक्यात एकदा डोकावून पाहिले आणि ती सभेला गेली.

पान सरकायला लागलेच होते. तिने पल्लेदार काही बोलायचे नाही असे ठरवले होते.

"महाराज, बांधाला भोक पडलंय. उधाणाच्या आत तेवढं बुजवा. माझी पोरं आहेत तिथं."

सभेचा कारकून एक पाणकावळा होता. सतत बुडी मारल्यामुळे त्याच्या कानात पाणी असे. त्याने ऐकले ते असे: बांध, बुज, आणि पोरे. बाकीचे त्याने आपल्या मनाने जुळवले आणि ठरावाच्या पानावर लिहिले, की बांधाची बूज राखली जावी अशी प्रजेतील मातांची इच्छा आहे.

सभागृह हेलावले. इतकी निःस्वार्थ मागणी गेल्या कित्येक अधिवेशनांत आली नव्हती. चर्चा चार दिवस चालली. एका करकोच्याने आपले पणजोबा बांधाकडे पाठ करून कधी झोपले नाहीत ही आठवण सांगितली आणि त्याला हुंदका आला. दुसऱ्याने विचारले, की जे बांधाची बूज राखत नाहीत ते समुद्राच्या बाजूचे आहेत असे समजायचे काय? यावर बराच वेळ टाळ्या पडल्या. पाचव्या दिवशी ठराव एकमताने संमत झाला. प्रत्येकाने बांधापुढून जाताना मान लववावी. बांधाबद्दल बोलताना 'भोक' हा हीन शब्द वापरू नये. चिखलाच्या पायांनी बांधाला कोणी स्पर्श करू नये.

कोंडाईच्या कानावर एवढेच आले की बांधाचा ठराव झाला. ती हरखून गेली. शेजारच्या लव्हाळी नावाच्या पाणकोंबडीला ती म्हणाली, की आपण उगाच त्यांना नावे ठेवतो. दोघी मिळून बांधावर गेल्या. बिळाच्या तोंडावर शेवंतीची माळ टांगलेली होती आणि माळेच्या टोकावरून पाणी ठिबकत होते.

ती तशीच परत सभेला गेली. सभापतींचे नाव दीर्घपाद होते. ते वाईट नव्हते. वाईट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आले असते. त्यांनी तिचे म्हणणे पान काठाला लागेपर्यंत ऐकून घेतले. आपण 'बुजवा' म्हणालो होतो, 'बूज' नव्हे, असे ती पुन्हापुन्हा सांगत होती. दीर्घपादांनी ठरावाचे पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि ते समजुतीने हसले.

"बाई, फरक एका अक्षराचा. तेवढ्यासाठी एकमतानं झालेला ठराव मागे घ्यायचा?"

"मागे नका घेऊ. ते अक्षर तेवढं घाला."

"अक्षर घातलं की माती आली. माती आमच्या पायाखालची आहे. ती काढली तर सभेनं पाय कुठं सुकवायचे, सांगा."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले की कोंडाईला क्षणभर स्वतःचेच चुकल्यासारखे वाटले. मग तिला संताप आला. तिची हाक सभेने ऐकली मात्र होती. तिच्या भावनांची दखल म्हणून त्याच दुपारी आणखी एक ठराव झाला, आणि बिळाला 'बांधाचा नेत्र' हे नाव देण्यात आले. शिवाय वर्षातून एक दिवस बूज-दिन पाळावा असे ठरले. पहिल्या बूज-दिनाला समुद्रही जातीने हजर असावा म्हणून अमावास्येच्या दुपारचा, ऐन भरतीचा मुहूर्त काढण्यात आला.

आता कोंडाईने कोणाला विचारले नाही. ती, लव्हाळी आणि आणखी पाचसात जणी तोंडातोंडाने डबक्यातला गाळ वाहू लागल्या. टिकणार नाही हे ठाऊक होते, पण हातावर हात ठेवून बसणे तिला जमेना. तीन दिवस खपून त्यांनी बीळ जवळजवळ भरत आणले. पाणी थांबले. त्या दिवशी कोंडाई डबक्याच्या काठाला बसून राहिली आणि एका पिल्लाला पुढचा पाय फुटलेला तिने पाहिला. तिने लव्हाळीला हाक मारून तो दाखवला.

चौथ्या दिवशी पाणकावळा आला. बांधाच्या नेत्रात चिखल घातला गेल्याची तक्रार होती, आणि तक्रार खरी होती. बायकांचे पाय तपासले. सगळ्यांचेच चिखलाचे निघाले. त्यांना सौम्य ताकीद देण्यात आली, कारण सभा दयाळू होती. विटंबना मात्र तशीच ठेवता येत नव्हती. म्हणून चाकरीतल्या वीस पाणकावळ्यांनी बांध विधिपूर्वक धुतला. चोचीचोचीने पाणी मारून त्यांनी तो गाळ तर काढलाच, पण आतली जुनी मातीही खरवडून नेत्र लख्ख केला. बोराएवढे होते ते आता नारळाएवढे झाले, आणि माळ अपुरी पडू लागली म्हणून मोठी मागवण्यात आली.

अमावास्येच्या दुपारी सारी प्रजा बांधाखाली रांगा धरून उभी राहिली. पुढे करकोचे, मागे पाणकोंबड्या, त्यांच्या मागे बेडूक, आणि सगळ्यांत मागची जागा गोगलगाईंची, ज्या आदल्या दिवशीच निघाल्या होत्या पण अजून पोचल्या नव्हत्या. दीर्घपादांचे भाषण होईपर्यंत माना खाली ठेवायच्या होत्या. पलीकडे समुद्र चढत होता आणि त्याचा आवाज बांधातून ऐकू येत होता. भाषण रंगले होते. कोंडाईला प्रथम पावलांना चुणचुण लागली, मग पोटाला. तिने मान वर केली. माळ आडवी होऊन पाण्यावर फडफडत होती आणि नेत्राच्या कडेची माती ढेकळाढेकळाने पडत होती.

"भोक आहे ते," ती ओरडली. "भोक. माना वर करा, बघा तरी."

कोणी मान वर केली नाही. पुढच्या रांगेतून 'शूः' असे आले, आणि ते लव्हाळीने केले होते. तिलाही पोरे होती, आणि ताकीद तिलाही मिळालेली होती. पाणकावळ्याने हीन शब्दाचा दोनदा उच्चार झाल्याची नोंद घेतली. कोंडाई रांग मोडून डबक्याकडे झेपावली.

डबके तिला सापडले नाही. जिथे ते होते तिथे, आणि त्याच्या पुढेमागे, सगळीकडे सारखेच पाणी पसरले होते. अंगाची आग होत होती तरी ती तीनदा आत शिरली आणि तीनदा रिकाम्या तोंडाने वर आली. शेवटी पाणकोंबड्या उडाल्या, बेडूक बांधावर चढू लागले. चिखलाच्या पायांनी चढू नका, असे तेव्हाही कोणीतरी म्हणत होते. कोंडाई बांधाच्या माथ्यावर येऊन बसली.

करकोचे मात्र होते तिथेच उभे होते. पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंतही आले नव्हते. भाषण संपले तेव्हा दीर्घपादांना पायाशी काहीतरी मऊमऊ लागले. त्यांनी खाली पाहिले. पोटे वर करून, नुकते फुटलेले इवलाले पाय पसरून बेडूकमासे प्रवाहाबरोबर येत होते, शेकड्यांनी येत होते, आणि त्यांच्या लांब पायांना अडून थांबत होते. दीर्घपादांनी एकवार दोन्ही बाजूंना नजर टाकली. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांचे पाहून साऱ्या सभेने घातली. अगदी एकमताने, संथपणे, करकोच्यांच्या माना खाली जात होत्या, वर येत होत्या, पुन्हा खाली जात होत्या. आणि दूर बांधाच्या दुसऱ्या टोकाला, अजून निम्म्या वाटेवर असलेल्या गोगलगाईंनी ते पाहिले आणि बूज राखणे अजून चालूच आहे असे समजून आपल्याही माना लववल्या.