प्रधानजींच्या मांडीवरचा घडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. घाटातून तेव्हा बैलगाड्या जात आणि राजेलोक दरबारात वेळेवर येत, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे.

एका राज्यात खाली राजधानी होती, वर पठार होतं आणि दोहोंच्या मधे एक लांबलचक घाट होता. पठारावर कुंभारांची चाळीस घरं होती. तिथल्या मातीचा गुण असा, की भर वैशाखातही घड्यातलं पाणी गारेगार राहायचं. राजधानीतल्या लोकांना दुसरीकडचा घडा चालतच नसे. त्यातून अक्षय्यतृतीयेला घरोघर पाण्यानं भरलेला घडा दान द्यायचा, म्हणून त्या आठवड्यात कुंभारांची जी विक्री होई तिच्यावर त्यांचं वर्ष निघे.

पूर्वी घाटाची डागडुजी राजाचे बेलदार करत आणि घाटातून दिवसातून दोनदा सरकारी गाड्या जात-येत. सगळं अगदी छान होतं असं मी म्हणणार नाही. बेलदार दुपारचे झोपत आणि गाडीवान कुरकुरत. पण खड्डा पडला तर कुणाचं दार वाजवायचं, हे लोकांना ठाऊक होतं. ते दार प्रधानजींचं होतं.

आता हे प्रधानजी माणूस म्हणून चांगले. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला वाकडं बोलले नाहीत. फक्त सकाळी उठून तक्रारी ऐकायच्या म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. एके दिवशी त्यांनी राजाला सुचवलं, "महाराज, घाट मक्त्यानं देऊन टाकू. एकाला रस्ता, एकाला गाड्या. वर्षाची रक्कम ठरवून दिली की ते जाणोत आणि त्यांचं काम जाणो."

राजानं मान डोलावली. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

त्या राज्यात एक रीत होती. जमीन द्या, गाय द्या, काहीही द्या, घेणाऱ्याच्या तळहातावर झारीतून पाणी सोडायचं. याला उदक सोडणं म्हणत. उदक सोडलं की वस्तू देणाऱ्याची राहिली नाही. तिच्याकडे पुन्हा वळून बघायचं नाही, तिचं काय झालं ते विचारायचं नाही. दानाच्या बाबतीत ही रीत फार चांगली आहे, कारण दिलेल्या गाईची रोज चौकशी करणारा दाता कुणाला आवडेल?

मक्ता देण्याच्या दिवशीही दरबारात झारी आली. कुणी मागवली ते कुणालाच सांगता आलं नाही. काही द्यायचं म्हटलं की ती आपोआप यायची. पुरोहित जरा घुटमळला, पण मंत्र ठरलेले होते, ते त्यानं म्हटले. दोन्ही मक्तेदारांच्या हातावर उदक सुटलं. प्रधानजी त्या रात्री गाढ झोपले.

रस्त्याचा मक्तेदार आणि गाड्यांचा मक्तेदार हे एकमेकांचे साडू होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तीन वर्षं गेली. घाटातल्या खड्ड्यांत बैलाचा गुडघा बुडू लागला. कठड्याचे दगड दरीत गेले. दोन गाड्यांची एक गाडी झाली आणि तीही मनाला येईल तेव्हा सुटू लागली.

पठारावर एक कुंभारीण होती. नवरा वारलेला, एक तरणाताठा मुलगा. हात इतका चांगला, की तिच्या घड्यावर बोटाची खूण शोधून सापडायची नाही. त्या वर्षी अक्षय्यतृतीयेला बावीस दिवस उरले असताना मायलेकांनी पहिली खेप खाली नेली. साठ घडे पेंढ्यात गुंडाळून मक्तेदाराच्या गाडीत ठेवले. राजधानीच्या वेशीपाशी पेंढा उलगडला, तेव्हा धड निघाले एकोणीस.

मुलगा खापऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आये, पुरं झालं. अक्षयतिजेची खेपबी अशीच फुटली, तर म्या चाक बंद करनार. हितं खाली हमाली करीन. निदान पाठीवरचं पोतं फुटत न्हाई."

आई खापऱ्या गोळा करू लागली. तिच्या सासऱ्याच्या आजापासून ते चाक फिरत होतं. मुलगा रागानं बोलला असता तर तिनं त्याला झापलं असतं. पण तो रागानं बोलला नव्हता, थकून बोलला होता, आणि तेच तिच्या काळजाला लागलं. ती तडक रस्त्याच्या मक्तेदाराकडे गेली.

मक्तेदार पानाला चुना लावत होता. "बाई, रस्ता मी उत्तम ठेवतो," तो म्हणाला. "पण गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा आहेत ना, त्या रस्ता उखडतात. साडूला विचारा."

ती साडूकडे गेली. साडू म्हणाला, "गाड्या माझ्या एक नंबर आहेत बाई. पण खड्ड्यात आस मोडतात, त्याला मी काय करू? साडूला विचारा."

दोघंही गोड बोलले. दोघांनी तिला पाणी दिलं. संध्याकाळी दोघं एकाच पंगतीला जेवायला बसले असतील, पण ते तिनं पाहिलं नाही, तेव्हा आपणही त्याबद्दल बोलायला नको.

शेवटी ती प्रधानजींच्या वाड्यावर गेली. प्रधानजींनी शांतपणे ऐकून घेतलं, खरोखरच हळहळले आणि म्हणाले, "वाईट झालं बाई. पण ते काम आता आमच्याकडे नाही. आम्ही उदक सोडलंय."

"मंग इचारायचं कुनाला?"

"ज्यांच्या हातावर सोडलं त्यांना."

कुंभारीण पायऱ्या उतरली. तिथून घाट चढून घरी जाणं सोपं होतं. गाडीवानानं बैलांना पाणीही दाखवलं होतं. पण तिला काही तरी खटकत होतं, आणि खटकणारी गोष्ट मनात ठेवून झोपणाऱ्यांतली ती बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी खुला दरबार होता. ती वेशीपाशीच मुक्कामाला राहिली आणि सकाळी जाऊन दरबारात उभी राहिली.

"काय मागणं आहे, बाई?" राजानं विचारलं.

"मागनं न्हाई, म्हाराज. एक गोष्ट समजंना, ती समजून घ्यायचीय." तिनं पदर खोचला. "माझ्याकडं माती एक जन आनतो. लाकूड दुसरा फोडतो. भट्टीला कधी शेजारीन बसते. पर घडा गळला, तर गिऱ्हाईक कुनाच्या दारात येतं? माझ्या. आन म्या त्याला म्हनत न्हाई, की जा बाबा, लाकूडफोड्याला इचार. घडा माझ्या हातचा म्हनून त्यानं घेतलेला असतो. घाट तुमचा म्हनून आमी त्यात पाय घातला. त्यो गळाया लागला, तर म्या कुनाच्या दारात जायचं?"

प्रधानजी म्हणाले, "बाई, रीतसर उदक सोडून—"

"त्येच तर, प्रधानजी. दान आपल्या वस्तूचं करत्यात. माझी गाय म्या दान करीन, शेजारनीची कशी करू? घाट आमच्या समद्यांचा. तुमच्याकडं सांभाळायला दिलेला. सांभाळायला दिलेल्या वस्तूवर उदक कसं सुटलं, येवढंच सांगा."

पुरोहितानं मान खाली घातली. तीन वर्षं तो याच विचारात होता.

राजा रागावला नाही. आपण चुकलो हे कळल्यावर काही माणसं आरडाओरडा करतात आणि काही गप्प होतात. हा दुसऱ्या जातीचा होता. त्यानं एवढंच विचारलं, "प्रधानजी, तुम्ही घाट शेवटचा कधी पाहिलात?"

"महाराज, दर महिन्याला मक्तेदारांचे कागद येतात. घाट उत्तम आहे, असं त्यात लिहिलेलं असतं."

"मी कागदाचं विचारलं नाही."

प्रधानजी उपरण्याचं टोक चाचपू लागले. राजा म्हणाला, "उद्या आपण वर जाऊ आणि बाईंच्या घड्यांबरोबर गाडीतून खाली येऊ. दोन्ही मक्तेदारांनाही बोलवा. ते चालत येतील."

दुसऱ्या दिवशी पठारावर गाडी उभी राहिली. तीस घडे पेंढ्यात ठेवले. एक घडा मात्र कुंभारणीनं काठोकाठ पाण्यानं भरला. राजानं तो उचलून प्रधानजींच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "हा तेवढा सांभाळा."

पहिल्या वळणाला प्रधानजींचं उपरणं भिजलं. दुसऱ्या वळणाला धोतर भिजलं. गाडीवान बैलांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात पुटपुटला, "आज खरं उदक सुटलं." राजानं ते ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसून दरीकडे बघू लागला. तिसऱ्या वळणाला चाक खड्ड्यात गेलं, घडा गाडीच्या कडेवर आपटला आणि प्रधानजींच्या हातात नुसता गळा राहिला. चौथ्या वळणाच्या अलीकडे गाडीचा आस मोडला.

दोन्ही साडू धापा टाकत आले आणि तिथंच सुरू झाले. "रस्ता—" एक म्हणाला. "गाडी—" दुसरा म्हणाला.

"थांबा," राजा खाली उतरून म्हणाला. "तुम्हाला विचारायचं काम माझं नाही, प्रधानजींचं आहे. मी प्रधानजींना विचारणार. आणि हा घाट असा का झाला, हे या बाईंनी मला विचारायचं. काल त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रधानजी, चूक माझीही आहे. झारी माझ्याच हातात होती."

ओल्या धोतरानं उभ्या असलेल्या प्रधानजींनी हातातला मडक्याचा गळा खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की तक्रार म्हणजे सकाळची कटकट. मांडीवरचा घडा फुटतो तेव्हा काय वाटतं, ते त्यांना आज कळलं होतं. ते कुंभारणीला म्हणाले, "तुमच्या तिजेच्या खेपेला किती दिवस आहेत?"

"एकोनीस."

"मी बघतो," प्रधानजी म्हणाले, आणि खरोखरच बघायला लागले.

त्याच दुपारी बेलदारांना बोलावणं गेलं. रस्त्याच्या मक्तेदाराला सांगितलं, की अठरा दिवसांत घाट नीट झाला नाही तर मक्ता काढून घेऊ. प्रधानजी रोज सकाळी घाटात येऊन उभे राहू लागले. मुरूम किती पडला, दगड नीट बसला का, पाण्याला वाट काढली का, हे स्वतः वाकून बघू लागले. आणि गंमत अशी, की हा मक्तेदार कामाला वाईट नव्हताच. तीन वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तोही पान खात बसला होता. आता विचारणारं माणूस समोर उभं राहिल्यावर तो घाम गाळू लागला. दुसऱ्या साडूचं मात्र जमलं नाही. त्याच्या गाड्या तपासल्या तर आस किडलेले निघाले आणि बैलांची हाडं मोजता येत होती. त्याचा मक्ता गेला आणि गाड्या पुन्हा सरकारच्या झाल्या. त्यानंतर साडू-साडू एका पंगतीला बसले की नाही, ते ठाऊक नाही.

राजानंही एक नवा नियम केला. उदक फक्त दानाला. मक्ता देताना झारी आणायची नाही. ज्यानं मक्ता दिला, त्यानं दर महिन्याला पठारावरून एक भरला घडा मांडीवर घेऊन गाडीनं खाली यायचं. घडा फुटला तर पुढच्या बाजारी पठारावरच्या चावडीत उभं राहून लोकांना कारण सांगायचं. राजाही वर्षातून दोनदा त्या गाडीत बसू लागला.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी मायलेकांनी ऐंशी घडे गाडीत भरले. मुलगा वाटभर पेंढ्यावर हात ठेवून बसला होता. प्रत्येक वळणाला त्याचं अंग आखडायचं आणि गाडी वळण घेऊन सरळ झाली की सैल व्हायचं. आई समोर बघत होती. मनातल्या मनात ती वळणं मोजत होती.

वेशीपाशी प्रधानजी आधीच येऊन उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. पेंढा उलगडला. एकेक घडा बाहेर निघत गेला. एकोणऐंशी धड निघाले आणि एकाला चीर गेली होती.

"कुठं गेली?" प्रधानजींनी विचारलं.

"सातव्या वळनाला दनका बसला," मुलगा म्हणाला. "बारका खड्डा हाय. काय न्हाई त्यात."

"आहे त्यात," प्रधानजी म्हणाले. त्यांनी दोन बेलदारांना हाक मारली आणि भर उन्हात घाट चढायला लागले. रस्ता कुणाच्या मक्त्यात आहे, हा विषयही त्यांनी काढला नाही.

दुपारपर्यंत सगळे घडे खपले. कुंभारणीनं मुलासाठी गूळ घेतला आणि स्वतःसाठी काही घेतलं नाही, कारण तिला हवं होतं ते तिला अजून मिळायचं होतं. ऊन उतरल्यावर गाडी पठारावर पोचली. मुलगा घरात न जाता अंगणाच्या कोपऱ्यात गेला, मातीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि गोळा मळायला बसला.

"उद्या सन हाय," आई म्हणाली. "आज ऱ्हाऊ दे."

"पुढच्या बाजाराला शंभर न्यायचे, आये," तो मान वर न करता म्हणाला.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग ती त्याच्यासमोर बसली आणि तिनंही माती हातात घेतली.

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: राज्याचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं, पण त्याचा जाब देणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही.