बटणाचा गिअर आणि मल्हारीचा मामा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रोहिदासची मोटारसायकल रेल्वे फाटकात, बरोब्बर रुळांच्या मधोमध अडकली! मागं बायको शेवंता, तिच्या मांडीवर सव्वा वर्षाचा मल्हारी. गाडी नव्या तऱ्हेची. पायानं नाही, बोटानं बटण दाबलं की गिअर पडायचा. रोहिदास बटण दाबून दाबून घामाघूम झाला, पण गिअर हलेना. फाटकवाला ओरडला, माणसं धावली, गाडी उचलून पलीकडं ठेवली, तेव्हा कुठं शेवंताच्या जिवात जीव आला.

"ही दुरुस्त झाल्याशिवाय माझं लेकरू हिच्यावर बसणार नाही!" ती म्हणाली. आणि मल्हारीला न्यायचा दवाखाना तर फाटकाच्या पलीकडंच!

दोघं गाडी ढकलत थेट शोरूमला गेली. तिथला मेकॅनिक इलाही भला माणूस. तो हळूच म्हणाला, "वहिनी, या गाड्यांची गिअरची मोटर अडकते. फुकट बदलून द्या, असं कंपनीनं सगळ्या शोरूमना कळवलंय. पण मालकांनी हो म्हटलं पाहिजे ना!"

मालक म्हणजे बापूसाहेब खर्डेकर. मिशा पिळदार आणि हट्ट एकच, आपल्या शोरूमची गाडी बिघडतच नाही! त्यांनी स्वतः गाडी चालू केली, बटण दाबलं. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर सटासट पडले. गाडी अगदी शहाण्या सुनेसारखी वागली!

"बघा! गाडी ठणठणीत आहे. चालवणाऱ्याचं बोटच बिघडलंय!"

"तापली की अडकते हो, बापूसाहेब," शेवंता म्हणाली.

"हे बघ बाई, ज्या दिवशी मी माझ्या तोंडानं म्हणेन की ही गाडी बिघडलीय, त्या दिवशी मोटर बदलून देईन. काढून दाखव माझ्या तोंडून!"

रोहिदास मान खाली घालून निघाला. शेवंता मात्र दारात थबकली.

"बापूसाहेब, तुमचं गाव निंबोणी ना?"

"हो. का गं?"

"माझं माहेरही निंबोणीच! म्हणजे तुम्ही माझे भाऊच झालात की. सोमवारी मल्हारीचं जावळ आहे. माझा सख्खा भाऊ सैन्यात, त्याला रजा नाही. मामाच्या मांडीशिवाय जावळ काढायचं कसं? इलाहीभाऊ, तुम्हीपण या हो!"

माहेरची लेक जावळाला बोलावते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? सोमवारी बापूसाहेब फेटा बांधून हजर! मल्हारी त्यांच्या मांडीवर बसला. न्हाव्यानं केस उतरवले तेव्हा रडला, मग मामाची मिशी हाताला लागली तसा खुदकन हसला. बापूसाहेब पार विरघळले.

"वाघ आहे माझा भाचा! चल, आता देवीला नेऊन आणतो. काढा रे माझी मोटार!"

"मोटार नको दादा," शेवंता म्हणाली. "आमच्यात मामानं भाच्याला घरच्याच गाडीवरून न्यायची रीत आहे."

ही रीत तिनं त्याच सकाळी काढली होती, पण सासूबाईंनीही गंभीरपणे मान हलवली. रोहिदासनं मोटारसायकल आणून उभी केली. बापूसाहेब बसले. शेवंतानं मल्हारीला त्यांच्या पुढ्यात बसवलं खरं, पण लेकराच्या झबल्याचं टोक काही मुठीतून सोडलं नाही. किल्लीही तिच्याच कमरेला!

"सावकाश जा हं दादा. मधे रेल्वेचं फाटक लागतं."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "रूळ ओलांडायचे?"

"हो. देवी पलीकडंच आहे. आता एक्सप्रेसची वेळ झालीय, पण तुमच्या शोरूमची गाडी म्हटल्यावर भीती कसली?"

बापूसाहेबांनी बटणाकडं पाहिलं, मग भाच्याच्या गुळगुळीत डोक्याकडं पाहिलं. झटकन उतरले आणि मल्हारीला छातीशी धरून गरजले, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या बिघडलेल्या गाडीवर माझ्या भाच्याला नेऊ?"



शेवंता पदर सावरत म्हणाली, "दादा, जरा मोठ्यानं म्हणा की. इलाहीभाऊ लांब बसलेत!"

बापूसाहेबांना आपलाच शब्द आठवला. मग असे खदाखदा हसले की फेटा सुटला! "हरलो गं ताई! इलाही, ऊठ! जेवायच्या आधी मोटर बदल!"

इलाहीनं मोटर बदलली. बापूसाहेबांनी बहिणीला इरकल साडी नेसवली, भाच्याला चांदीचा करदोटा घातला, आणि वर सांगितलं, "अशी गाडी ज्याची ज्याची असेल, त्यानं खुशाल आणावी, मोटर फुकट बदलून मिळेल. मी एक शब्द बोलणार नाही!"

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचा बटणाचा गिअर असा अडकत असेल, तर त्याला एवढा निरोप द्या. आणि लेकुरवाळी असेल तर तिला आधी सांगा!